चाकांवरचं बिऱ्हाड

पनवेलहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. जीपच्या आरशात मागची खोली डुलत येताना दिसत होती आणि मी पुढच्या रस्त्यापेक्षा तिच्याकडेच जास्त बघत होतो. शेजारी बाबा बसले होते, मांडीवर सुक्या जवळ्याचा डबा घेऊन. मागच्या फळीवर ठेवला तर सांडेल, असं त्यांचं म्हणणं. पेणच्या अलीकडे एका खड्ड्यात आम्ही असे आदळलो, की तो मांडीवरूनच सांडला. पुढचा सगळा प्रवास जवळ्याच्या वासात झाला आणि बाबांना त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

आमच्या भागात ट्रेलर म्हटलं की न्हावा शेव्याकडे निघालेलं लांबलचक धूड डोळ्यांसमोर येतं. माझा ट्रेलर त्याच्या एका चाकाआड लपला असता. दोन माणसं आडवी होतील एवढी लाकडी खोली, मागे वर उघडणारं झाकण आणि त्याखाली शेगडीपुरता ओटा. कच्च्या रस्त्यानं जावं, जिथे हॉटेल नाही तिथे मुक्काम करावा, हे माझं जुनं खूळ. मी जासईला कंटेनरच्या गोदामात नोकरी करतो. दिवसभर दुसऱ्यांच्या पेट्या जगभर जाताना बघितल्या की माणसाला असलं खूळ लागतंच.

पण खरं सांगायचं तर ती खोली बांधली बाबांसाठी. बाबा उरणच्या खाडीकाठचे कोळी. उभं आयुष्य होडीत गेलं. आई गेल्यावर मी त्यांना पनवेलला आमच्या चौथ्या मजल्यावर घेऊन आलो आणि तिथे त्यांची झोप उडाली. गादी बदलली, खोली बदलली, डॉक्टर झाले. बाबांचं एकच. "मना झोप नाय लागत. खाट हालतच नाय." आम्ही हसण्यावारी नेलं. मग एक दिवस जेवता जेवता ते म्हणाले, आता मी गावी जातो, एकटा राहतो. या वयात, त्या बंद घरात, एकट्यानं? मी म्हटलं, "आधी माझी चाकांवरची खोली होऊ दे. एक फेरी मारू. तिच्यात झोप लागली तर राहशील ना इथे?" ते भात कालवत म्हणाले, "बगू." तेव्हापासून माझा प्रत्येक रविवार त्या खोलीचा झाला.

खालचा सांगाडा पळस्प्याच्या एका गॅरेजात जुन्या टेम्पोच्या अ‍ॅक्सलवर जोडून घेतला. वरच्या लाकडी कामाला बाबांनी त्यांचे मित्र धाकूदादा यांना आणलं. धाकूदादांनी जन्मभर होड्याच बांधल्या. आल्या आल्या त्यांनी विचारलं, "नाल कुठली?" नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. मी म्हटलं, दादा, याला नाळ नसते, ही खोली आहे. ते बरं म्हणाले आणि पुढच्या रविवारी बघतो तर खोलीला पुढून छान निमुळता आकार आलेला. फळ्यांच्या फटीत कापूस ठोकून वर राळ आणि तेल चोपडलेलं. भांडी धुतल्याचं पाणी जायला तळाला एक भोक ठेवा, असं मी सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. "तलाला भोक? माज्या हातून नाय व्हायचा." बाबाही मान डोलावत होते. दोघांच्या पुढे माझं काय चालणार? मी त्या रस्त्यावर चालणाऱ्या होडीला मुकाट्यानं रंग दिला.

म्हसळ्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडला. लाल मातीची वाट काजूच्या बागांतून खाली उतरत होती आणि खोली मागून धक्के देत होती, घाई असल्यासारखी. एका वळणावर झाडं बाजूला झाली आणि खाली खाडी दिसली. ओहोटी होती. ओला, राखाडी चिखल उन्हात चमकत होता, त्यात पांढरे बगळे उभे होते, आणि लांबवर पाण्याची एक रेघ. इतकी शांतता होती की आम्ही दोघंही हळू आवाजात बोलायला लागलो.

मी वरच्या माळावर सावलीत थांबणार होतो. बाबा म्हणाले, "खाली घे." काठाला चिखलाच्या वर एक घट्ट, रेताड पट्टा होता. तिथे त्यांनी मला ट्रेलर सोडायला लावला आणि जीप वर नेऊन ठेव म्हणाले. "गावातून पानी आन प्यायला. सावकाश ये. मी आत आंग टाकतो जरा." मी कॅन घेऊन निघालो.

गाव चांगलंच लांब निघालं. विहिरीजवळच्या एका घरी चहा झाला, पनवेलची चौकशी झाली, त्यांचा भाचा खारघरला असल्याचं कळलं. परत येताना ऊन डोक्यावर होतं, वाऱ्याला खारा वास होता, आणि मी मजेत शीळ घालत टेकाड उतरलो. समोर चिखल नव्हता. जिकडेतिकडे पाणी होतं, हिरवट, भरलेलं, आणि त्या पाण्यावर माझी खोली तरंगत होती.

अमावास्येचं उधाण. कोळ्याच्या पोटी जन्मून मला तिथीचं भान नव्हतं. कॅन टाकून मी धावत सुटलो. काठावर टोपलीत तिसऱ्या (शिंपल्या) घेऊन एक बाई उभी होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती.

"आत माणूस आहे!" मी ओरडलो.

"ठाव हाय. मी सांगितलेलं त्यांना, बाबा, हितं पानी येतं. तर म्हनले, येऊ दे."

तेव्हा मला दोर दिसला. खोलीच्या निमुळत्या टोकाला बांधलेला, वरच्या झाडापर्यंत आलेला, मध्ये मोजून ढील दिलेली. बाबांनी जागा बघूनच निवडली होती.

मी पाण्यात शिरलो. मांडीपर्यंत पाणी आलं, चपला कुठे गेल्या कळलं नाही. चाकांची बेअरिंग खाऱ्या पाण्यात गेली, आता वाट लागणार, एवढं एक मनात येऊन गेलं. कसाबसा खिडकीशी पोचलो. आत बाबा कुशीवर झोपले होते. तोंड किंचित उघडं, एक हात उशाखाली, आणि घोरणं असं की पाण्याच्या आवाजात मिसळून जावं. लहानपणी होडीत त्यांच्या पोटाशी झोपायचो तेव्हा ऐकलेलं ते घोरणं. मी त्यांना उठवलं नाही.

खोली हलकेच वर जायची, हलकेच खाली यायची. मी फळीला हात लावून उभा राहिलो. पाणी कोमट होतं. ढग जाताना खाडीचा रंग बदलत होता, पायांजवळून मासे सुळकन जात होते, बगळे आता पलीकडच्या झाडांवर पांढऱ्या ठिपक्यांसारखे बसले होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मला फार आनंद झाला होता, आणि हा माणूस आता माझ्याकडे राहणार नाही हेही त्याच वेळी कळत होतं.

भरती ओसरली, चाकं टेकली, खोली जराशी वाकडी होऊन बसली. बाबा उठले, मी शेगडीवर चहा केला. तो अर्धा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "मना घरी नेऊन सोर."

"कुठल्या घरी?" मी माहीत असून विचारलं.

"माज्या. तुज्या घरात काय कमी नाय रे. सूनबाय पोरीसारखी करते. पन मना पानी पायजे अंगाखाली."

"एकटा पडशील, बाबा."

"हितं आता मी एकटा व्हतो. झोपलो ना?"

त्या बाईनं ओंजळभर तिसऱ्या दिल्या होत्या. त्या शिजवून आम्ही भाताबरोबर चवीनं खाल्ल्या.

परतीला डावं चाक किरकिरत होतं. पळस्प्याला संध्याकाळ झाली. सरळ गेलं की आमचं घर, उरणचा रस्ता धरला की त्यांचं. आजूबाजूला कंटेनरची गर्दी, हॉर्न, धूळ. मी वेग कमी केला, पण बाबांकडे बघितलं नाही, बघितलं असतं तर हट्ट केला असता. उरणचा रस्ता धरला.

खाडीकाठच्या अंगणात ट्रेलर सोडला. शेजारची काकू कंदील घेऊन आली, घर झाडायला लागली, उद्यापासून जेवण माझ्याकडे, असं परस्पर ठरवूनही टाकलं. बाबांनी अ‍ॅक्सलकडे बोट दाखवलं. "ही चाकं काडून टाकू. पान्यातच ठेवू हिला. धाकू करंल." मी इतके रविवार ज्या चाकांसाठी खपलो, ती. मी हो म्हटलं.

घरी पोचलो तर बायको दारात उभी. मागे कोणी दिसेना तसा तिचा चेहरा बदलला. "बाबा कुठे आहेत?" मी सगळं सांगितलं. ती स्वयंपाकघरात गेली आणि त्यांचं ताट झाकून ठेवलेलं होतं ते उघडून माझ्यापुढे आणून ठेवलं.

जेवताना मला रडू आलं. बाबांना झोप लागावी म्हणून मी एवढा खटाटोप केला, आणि ती लागली. ती लागली तर त्यांनी माझ्याकडेच राहायचं, ही अट माझी होती. त्यांनी ती कधी मान्यच केली नव्हती. ते फक्त बगू म्हणाले होते.