कापेल केलिनच्या माहेरवाशिणीबरोबर मॅनकेटोला

या ट्रिपचा निर्णय मी रागाच्या भरात घेतला, हे आधीच सांगून टाकते. फॉल कलर्स बघायचे होते म्हणून नाही, लाँग वीकएंड होता म्हणूनही नाही. आमची शेजारीण ग्वेन सकाळी दारात येऊन म्हणाली, "मॅनकेटोला जाणं मी कॅन्सल केलं," आणि का केलं ते तिने सांगितलं. ते ऐकून माझं डोकं असं फिरलं की अंगणातली पानं गोळा करायची राहिली ती पुढे आठवडाभर तशीच पडून होती.

ग्वेन सत्तरीची. अमेरिकेत, मिनेसोटातल्या ईडन प्रेरीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहते. मूळची वेल्सची. वेल्स म्हणजे इंग्लंडला चिकटलेला, पण स्वतःची भाषा असलेला देश. तिला चुकून 'इंग्लिश' म्हणालात तर तुमचं काही खरं नाही. तिचं गाव कापेल केलिन. १९६५ साली ते त्रवेरिन नदीवरच्या धरणात गेलं. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराला पाणी हवं होतं. वेल्सच्या एकाही खासदाराने त्या कायद्याच्या बाजूने मत दिलं नव्हतं, तरी लंडनच्या संसदेत तो मंजूर झाला. शाळा, चॅपल, पोस्ट, शेतं, सगळं पाण्याखाली. ग्वेन तेव्हा दहा वर्षांची होती. पुढे लग्न करून ती मिनेसोटात आली.

मॅनकेटोच्या पलीकडे जुन्या काळी वेल्समधून आलेले शेतकरी वसले होते. त्यांचं पांढरं लाकडी चॅपल अजून उभं आहे. दर शरदात त्यांचे वंशज तिथे जमून गातात. यंदा विषय होता १९६५ आणि त्या वर्षाची साठी. ग्वेनला बोलायला बोलावलं होतं. वेल्श कळणारी म्हातारी माणसं आता तिथे थोडीच उरलीत, त्यांच्यासमोर आपल्या गावातल्या घरांची नावं एकदा आपल्या भाषेत घ्यायची, एवढंच तिला हवं होतं. इतक्या वर्षांत हे ती चारचौघांत कधी बोलली नव्हती. आणि आता आयोजकांचा फोन आला होता: पाच मिनिटं, इंग्रजीत, आणि जरा पॉझिटिव्ह ठेवा.

"पॉझिटिव्ह?" मी म्हणाले. "घर बुडालं त्यात पॉझिटिव्ह काय? तलाव छान दिसतो म्हणून सांगायचं?"

"तेच म्हणाले ते," ग्वेन म्हणाली. "शिवाय धरणाखाली आता राफ्टिंग चालतं, तेही सांगा म्हणाले. शिवाय मला अंधारात ड्राइव्ह करवत नाही. जाऊ दे ना."

माझ्या मागे आई येऊन उभी होती. ती साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तिला इंग्रजी येत नाही, पण कोण कशावरून खचलंय ते बरोबर कळतं. तिने विचारलं, मी थोडक्यात सांगितलं. आईचं माहेरही कोयनेच्या धरणात गेलंय. ती लहान असतानाच. हिरव्यागार खोऱ्यातून उचलून सगळ्यांना सोलापूरकडच्या उन्हातल्या माळावर नेऊन टाकलं, तिथली ती वसाहत हेच तिचं माहेर. त्यावर ती कधी बोलत नाही. विचारलं की "झालं ते झालं" म्हणून भाजी निवडायला घेते.

त्या दिवशी मात्र म्हणाली, "तिला सांग, माझी लेक गाडी चालवती. आन् मीबी येते."

तर शनिवारी दुपारी आम्ही निघालो. मी, आई, ग्वेन आणि माझी पंधरा वर्षांची लेक ईरा, जिला शिक्षा म्हणून बरोबर घेतलं होतं. कुणाला जायचं असेल तर रस्ता अगदी सोपा आहे. हायवे १६९ धरायचा आणि मिनेसोटा नदीच्या बाजूबाजूने खाली जायचं. सव्वा तासाचं काम, वाटेत थांबलात तर दोन. जॉर्डन गावाजवळ गोळ्या-चॉकलेटांचं भलंमोठं पिवळं दुकान लागतं. शरदात तिथे भोपळ्यांचे डोंगर आणि माणसांची जत्रा असते, पार्किंग मिळवायला धीर लागतो. पुढे मक्याची कापणी चालू होती आणि धुळीने सगळं शिवार पिवळट झालं होतं. मोटेल मात्र आधी बुक करा. कॉलेजच्या फुटबॉलची मॅच असली की मॅनकेटोत खोली मिळत नाही, मिळाली तर दुप्पट पैसे मोजावे लागतात. शाकाहारी असाल तर डबा न्या. आम्ही ठेपले आणि लसणाची चटणी नेली होती, तीच दोन दिवस खाल्ली.

मागच्या सीटवर आई आणि ग्वेन. आई मराठीत बोलत होती, ग्वेन कधी इंग्रजीत, कधी वेल्शमध्ये. मधूनच ईरा इअरफोन काढून अर्धवट भाषांतर करी. ग्वेन सांगत होती, गावात आडनावं दोन-चारच, म्हणून माणसाला घराच्या नावाने ओळखायचे. हावोद वादोगचा अमका, गार्नेद लुइदची तमकी. तिचं घर टी नान्त, म्हणजे ओढ्याकाठचं घर.

"आमच्यातबी तसंच," आई म्हणाली. "आमी जांभळीखालचे. ईरा, सांग तिला."

"शी सेज, दे वर फ्रॉम अंडर अ... आई, व्हॉट इज जांभूळ?"

मी बेचाळीस वर्षांची आहे आणि माझ्या आईला माहेरी 'जांभळीखालची' म्हणत, हे मला हायवे १६९वर कळलं.

मॅनकेटोत नदीकाठी एक छोटी बाग आहे. ग्वेनने तिथे मुद्दाम गाडी थांबवायला लावली. १८६२ साली अडतीस डाकोटा माणसांना, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांना, या गावात एकाच वेळी फाशी दिलं. त्यांची नावं तिथे कोरलेली आहेत. ग्वेन बराच वेळ ती वाचत होती.

"उद्या चॅपलमध्ये सांगतील की आमचे लोक आले तेव्हा इथे रिकामं माळरान होतं," ती म्हणाली. "नीट ऐक हं. दरवर्षी सांगतात."

रविवारी सकाळी हायवे ६८ने जडसनकडे निघालो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला टेकड्या, ओकची झाडं तांबूस झालेली. हा रस्ता खरंच सुंदर आहे आणि माझा मूड खराब नसता तर मी त्यावर आणखी चार ओळी लिहिल्या असत्या. चॅपल कच्च्या रस्त्याच्या टोकाला आहे, फोनला रेंज नाही, दिशा आधी बघून ठेवा.

गाण्याबद्दल खोटं बोलणार नाही. तिथे श्रोते नसतात. आलेला प्रत्येक जण गातो, आणि एकमेकांत मिसळणाऱ्या चार वेगवेगळ्या सुरावटींत, समोर पुस्तक असो नसो. टोपीवाले शेतकरी, काठी टेकत आलेल्या बायका, सगळे. लाकडी बाकं थरथरत होती. आईने माझा हात घट्ट धरला होता आणि ईराने चक्क फोन खाली ठेवला होता.

मग समितीचे अध्यक्ष उठले. उंच, हसतमुख, कोटाला डॅफोडिलची, म्हणजे वेल्सच्या फुलाची पिन. पणजोबा वेल्सहून आले होते, हे त्यांनी आधी सांगितलं. रिकामं माळरान आलंच. ग्वेनने माझ्याकडे फक्त बघितलं. मग पडद्यावर फोटो सुरू झाले. निळा तलाव, तलावावर ढग, तलावाकाठी मेंढ्या, राफ्टमधली हेल्मेट घातलेली हसरी मंडळी. "प्रगतीची किंमत मोजावीच लागते," अध्यक्ष म्हणाले, "पण बघा, आज तिथे किती आनंद आहे."

हे वाक्य मी कुठे कुठे ऐकलंय! कोयनेच्या त्याच पाण्याला आपल्याकडे 'मिनी काश्मीर' म्हणतात. तिथे बोटिंग करून आलेली माणसं माझ्या आईला फोटो दाखवतात आणि वर विचारतात, "काकू, तुम्ही गेलाय की नाही तिथे?" त्या पाण्यावर वीज झाली, मुंबई उजळली, आणि आईच्या वसाहतीत दिवा लागायला पुढे कित्येक वर्षं गेली. प्रगतीची किंमत म्हणे. ती मोजणारे नेहमी वेगळे आणि भाषण करणारे वेगळे, हे कसं काय जमतं बुवा दरवेळी?

ग्वेन पुढे गेली. तिने वेल्शमध्ये सुरुवात केली. दोन वाक्यं झाली असतील.

"इन इंग्लिश, प्लीज, ग्वेन," अध्यक्ष गोड आवाजात म्हणाले.

ती इंग्रजीकडे वळली. तिने संसदेतल्या मतांचं सांगितलं. मग गावच्या दफनभूमीचं सांगितलं. काही जणांनी आपली माणसं उकरून दुसरीकडे नेली, उरलेल्यांवर काँक्रीट ओतलं आणि मग पाणी सोडलं. "माझी आजी त्या काँक्रीटखाली आहे," ती म्हणाली. "लिव्हरपूलने माफी मागितली, चाळीस वर्षांनी. मी ती माफी—"

अध्यक्ष पुढे आले, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हाताने माइक काढून घेतला. किती हृदयस्पर्शी, वेळेचं भान ठेवायला हवं, खाली चहा तयार आहे. खटकन माइक बंद झाला. लोकांनी टाळ्या वाजवायला हात उचलले.

आणि आई उठली. नऊवारीवर ईराचा हुडी घातलेली, पाच फूटही नसलेली माझी आई.

"ओ साहेब! बोलू द्या तिला!"

टाळ्या अडल्या. ईरा कुजबुजली, "आजी, सिट डाउन, प्लीज!"

"तू गप बस. ओ साहेब, घर तिचं बुडालंय, तुमचं न्हाई. चहा काय पळून चाललाय व्हय?"

अध्यक्षांचं हसू तसंच होतं, फक्त गोठलेलं. पाहुण्या काय म्हणाल्या, असं त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं. मी उभी राहिले आणि शब्दन् शब्द भाषांतर करून सांगितलं. चहाचं वाक्य दोनदा सांगितलं.

ग्वेन बंद माइककडे बघत होती. मग माइकशिवायच बोलली, आणि म्हाताऱ्या माणसाचा आवाज एवढा लांब जातो हे मला माहीत नव्हतं. "पासष्ट साली धरणाचं उद्घाटन होतं. आमच्या लोकांनी माइकच्या वायरी कापल्या. साहेब लोकांची भाषणं कुणाला ऐकू आली नाहीत, मिनिटांत सगळं आटोपलं. मी बाबांजवळ उभी होते. माझा माइक एक दिवस वेल्श माणूसच बंद करेल, असं तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बाबांनी त्याच्या मुस्कटात दिली असती."

मग तिने घरांची नावं घेतली. वेल्शमध्ये, सावकाश, नदीच्या वरच्या अंगापासून खाली. काही माणसं उठून चहाला गेली, हे सांगायलाच हवं. बरीच बसून राहिली. मागच्या बाकावरचा एक म्हातारा शेतकरी टोपी काढून उभा राहिला आणि शेवटपर्यंत उभा होता. शेवटचं नाव टी नान्त.

खाली बेदाण्यांच्या गोड चकत्या होत्या, चांगल्या होत्या. अध्यक्ष येऊन म्हणाले की त्यांना आईचा राग आला नाही, भावना समजू शकतात. आमचा राग तुम्हाला समजला का, असं मी विचारलं, तर म्हणाले, नक्कीच, आणि कॉफी आणायला गेले. परतीच्या वाटेवर मी गाडी वाजवीपेक्षा जोरात चालवली.

घरी आल्यावर मैत्रिणींनी विचारलं, ट्रिप कशी झाली, वर्थ आहे का? रस्ता वर्थ आहे. गाणं तर आहेच आहे. पण माझा राग काही गेलेला नाही, आणि तो जावा असंही मला वाटत नाही. आपली माणसं दुसऱ्याच्या बुडालेल्या गावाला 'व्ह्यू' म्हणतात तेव्हा मी हल्ली गप्प बसत नाही. मागच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, एका भाऊजींना चांगलंच सुनावलं, तेव्हापासून ते मला टाळतात. बरंच झालं.

आईच्या परतीच्या आदल्या दिवशी ग्वेन निरोप घ्यायला आली. आईने तिला पाटावर बसायला सांगितलं. ताटात तांदूळ, नारळ, खण, हळदकुंकू. मी आईला बाजूला घेतलं. "आई, ओटी भरतेस? अगं, ग्वेनचा नवरा जाऊन पाच वर्षं झाली. आणि बाबाही..."

"मग?"

"रीत नाही ना गं तशी."

"गाव बुडवताना कुणी रीत इचारली हुती?" आई म्हणाली. "सासरी निघालेल्या लेकीची ओटी माहेर भरतं. हिचं माहेर पाण्यात. कोण भरणार?"

मी ग्वेनला सगळं इंग्रजीत सांगितलं. तिने स्वेटरची झोळी केली. आईने ओंजळीने तांदूळ घातले, वर नारळ, वर खण. ग्वेनचा चेहरा मला बघवेना म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं.

मागून आईचा आवाज आला. ती पाटाशेजारी फरशीवर बसली होती आणि तिने पदर पसरला होता.

"आता तिला सांग, माझी भर म्हणावं."