डिसेंबरचा काळा नकाशा

डिसेंबरचा नकाशा काळाकुट्ट आला. मी फाइल पुन्हा डाउनलोड केली. केबल बदलली. शेवटी उपग्रहाचा डेटा देणाऱ्या सेंटरला तोऱ्यात मेल ठोकला, ‘तुमची फाइल खराब आहे.’

उत्तर एका ओळीचं आलं. ‘तिथे सध्या सूर्य उगवत नाही.’

आमचं काम थोडक्यात सांगते. आर्क्टिकच्या किनाऱ्यावरचा बर्फ लवकर वितळू लागलाय, नद्या जास्त गाळ आणतात, त्याने समुद्राचा रंग बदलतो. उपग्रह तो रंग टिपतो. हिरवा म्हणजे शेवाळ, त्यावर तिथली मासळी जगते. तपकिरी म्हणजे गाळ. मी पनवेलला एसीत बसून दर महिन्याचे नकाशे बनवते. खरा बर्फ मी फक्त मासळीच्या क्रेटमध्ये पाहिलाय.

ध्रुवाजवळ हिवाळ्यात दिवस उजाडत नाही, हे शाळेत पाठ करून मी मार्क मिळवले होते. उजेडच नाही तर रंग कसला दिसणार? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार! आणि करारात तर बारा महिन्यांचे बारा नकाशे कबूल केलेले. प्रस्ताव मीच लिहिला होता. जुलैत ढग आड येतील म्हणून सवलतही मागून ठेवली होती. डिसेंबरात आभाळ स्वच्छ असतं, हा माझा पनवेली हिशोब.

आमचे बॉस जवळच्याच बेलपाडा गावचे. शेतजमीन सरकारी संपादनात गेली, त्या पैशातून त्यांनी हे चार जणांचं ऑफिस थाटलं. मोठं काम हे एकच. ते गेलं तर शटर ओढायची वेळ.

“सूर्य नाय मंजे? सुट्टीवर हाय का?”

“होळीच्या आसपास कामापुरता उजेड येईल, सर.”

“मग नोव्हेंबरचा नकाशा लावा न् तारीख बदला.”

मी बाणेदारपणे नकार दिला, असं लिहायला आवडलं असतं. पण नोव्हेंबरचाही जवळपास काळाच होता. तो मी ‘ढगाळ’ म्हणून पाठवून मोकळी झाले होते.

व्हिडिओ कॉलवर क्लायंटच्या शास्त्रज्ञ बाईंना मी सगळं सांगून टाकलं.

“अंधारातही लेझरने पाणी तपासणारे उपग्रह असतात,” त्या म्हणाल्या. “तुम्ही बारा महिने लिहिलंत. आम्हाला वाटलं, तुम्हाला ते जमतं. म्हणून तर काम तुम्हाला दिलं.”

लाजेने मी कॅमेरा बंद करायला गेले आणि माइक बंद केला.

काम गेलं नाही, पण करार उजेडाच्या महिन्यांपुरता उरला. शटर वाचलं.

“मंजे तुमच्या चुकीनं काम मिलालं, न् खरं बोलल्यानं अर्धं गेलं,” सर म्हणाले. “पुढचं टेंडर आमी लिवतो.”

हल्ली कुठलाही प्रस्ताव आला की मी आधी बघते, तिथे सूर्य उगवतो का. काम शेजारच्या उरणच्या खाडीचं असलं तरी.