मुळासकट आलेला केस

नाटकासाठी केसांचे टोप बनवणाऱ्या त्या जुळ्या भावंडांच्या खोलीत शिरलं की आधी दिसतात ती लाकडी डोकी. तीन फळ्यांवर अठ्ठावीस. डोळे नाहीत, ओठ नाहीत, नुसता आकार, आणि त्यावर कुणाकुणाच्या मापाचा टोप. नाटकात नव्याने आलेली पोरं दारातच थबकतात. बहीण मान वर न करता म्हणते, "या, या. चावत नाहीत ती. उपाशी असली तरी."

तिला सगळे गाठवाली म्हणतात. बारीक जाळीच्या भोकातून आकडी घालायची, एक केस ओढायचा, गाठ मारायची, पुढचं भोक. एका भांगाला हजारेक गाठी. भाऊ तिच्याहून अकरा मिनिटांनी मोठा, म्हणून ती त्याला 'अकरा' अशीच हाक मारते. तो तिला 'धाकटे' म्हणतो. वय दोघांचं अडतीस. तो उजवा, ती डावरी. तो डोक्यावर रोज वस्तरा फिरवतो, तिच्या डोक्याला कायम घट्ट रुमाल. काम करणाऱ्याचा केस कामात मिसळता कामा नये, हा वडिलांचा नियम. वडील गेले, नियम राहिला.

आणि राहिली खिडकी. खोलीला एकच खिडकी, तिच्याखाली वडिलांचं मेज. भांगाचं काम नीट होतं ते त्याच उजेडात. एक वर्ष ती तिथे बसायची, एक वर्ष तो, आणि प्रत्येक वर्षी मेज बदलताना आठवडाभर अबोला.

गेल्या वर्षी भावाच्या पट्ट्याची भोकं संपली. त्याने कुठूनसं वाचून जाहीर केलं, "दुपारी बारा ते रात्री आठ, एवढ्यात काय ते खायचं. बाकीचे सोळा तास पाणी."

"आणि मी काय, तुझ्यासमोर बसून पाव खाऊ?"

"तू पण कर. एकाच पोटातून आलोय, एकाच घड्याळावर चालू."

"चल. जो आधी मोडेल त्याने खिडकी सोडायची. कायमची."

"कायमची?"

"घाबरलास?"

तो घाबरला नव्हता. त्याने दारामागे एक तक्ता चिकटवला. रकाने दोन, एक त्याचा, एक तिचा. दर सोमवारी दोघं वजनकाट्यावर उभी राहायची आणि आकडा लिहायची. तिसऱ्या महिन्याच्या शेवटी त्याचे सहा किलो गेले होते, तिचे पाच.

"बघ," तो म्हणाला. "सारखंच."

तक्त्यावर सारखंच होतं. तो शिट्टी वाजवत जिने चढायचा. पट्ट्याचं मागचं भोक पुन्हा कामाला लागलं, तर त्याने ते चहावाल्यालाही दाखवलं. तिला मात्र थंडी वाजायची. भर उन्हाच्या खिडकीत बसून ती शाल पांघरायची. बारा वाजेपर्यंत भूक मरून गेलेली असायची, मग दोन घास खाऊन डबा बंद. दुसऱ्या महिन्यात पाळी लांबली, तिसऱ्यात आलीच नाही. तिला वाटलं, बरं झालं, तेवढीच कटकट गेली. भावाला सांगायचा प्रश्नच नव्हता. लपवायचंही काही नव्हतं. ही काही भावाशी बोलायची गोष्ट नाही, एवढंच.

चौथ्या महिन्यात तिच्या मेजावर पहिला केस सापडला.

केसांच्या खोलीत केस सापडला, यात नवल काय? पण या खोलीत येतात ते सगळे कापलेले केस. त्यांना मूळ नसतं. या केसाच्या टोकाला पांढरा ठिपका होता, मोहरीच्या दाण्याच्या विसाव्या हिश्श्याएवढा. म्हणजे हा कापलेला नव्हता. कुणा जिवंत माणसाच्या डोक्यातून गळून पडला होता.

तिने तो चिमटीत धरला आणि अंगठा हळूहळू घासला. असं केलं की केस चालतो. इकडे घासा नाहीतर तिकडे, तो सरकतो ते मुळाच्याच दिशेने. या धंद्यात मूळ आणि शेंडा असाच ओळखतात, रोज शंभर वेळा. पण त्या सकाळी केस चिमटीतून बाहेर आला, पांढरं डोकं पुढे करून, आणि तिने तो झटकला. पाल अंगावर पडल्यासारखा.

"अकरा, काल इथे कोण आलं होतं?"

"कोण येणार? किल्ल्या दोनच. एक तुझ्या कमरेला, एक माझ्या."

"बाई आहे. केस लांब आहेत. हे बघ, शेंड्यापासून जाड आहे आणि मुळाजवळ आल्यावर एकदम बारीक. हिला मधल्या काळात काहीतरी झालंय."

"काय झालंय?"

"आजारी असेल. नाहीतर खात नसेल."

"इथं आपण दोघंच खात नाही," भाऊ हसला. "तुझा नाही ना?"

"माझा?" तिने वरच्या फळीवरच्या पहिल्या डोक्याकडे बोट केलं. एकोणिसाव्या वर्षी कापलेल्या तिच्या वेणीचा टोप त्या डोक्यावर होता, वडिलांनी केलेला, काळाभोर. "माझा केस तो. दोरी आहे, दोरी. आणि रुमालातून काय उडून येणार आहे?"

दोघांनाही ते पटलं. एकोणीस वर्षांपूर्वीचा नमुना समोर असताना डोक्यावर काय आहे ते कोण बघतं? रुमाल ती आंघोळ झाल्या झाल्या ओल्या केसांवर बांधायची, आणि हल्ली थंडीमुळे झोपतानाही काढत नव्हती. मोरीच्या जाळीवर गुंता साचायचा. ऋतू बदलतोय, असं म्हणून ती तो न बघता उचलायची.

पुढच्या आठवड्यात सात केस सापडले. त्यानंतर ती मोजेनाशी झाली, काड्यापेटीत घालून ठेवू लागली. मेजावर, स्टुलाखाली, शालीच्या घडीत. सगळे मुळासकट, सगळे त्याच बाईचे. ती बाई कशी दिसत असेल याचा तिला अंदाजही येऊ लागला. गालफडं बसलेली, नखं निळसर, दुपारपर्यंत कुणाशी न बोलणारी. सकाळी कुलूप उघडताना ती आधी दारावर टकटक करू लागली.

"कुणाला उठवतेस?" भावाने विचारलं.

"सवय."

शेवटी तिने कुलूप बदललं. दुसरी किल्ली भावालाही दिली नाही.

नव्या कुलपाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळी साडेनऊला, तिने म्हाताऱ्या नटीच्या टोपावरचं फडकं काढलं. टोप पांढराशुभ्र, भांग आदल्या दिवशीच तिने घातला होता. आणि त्या पांढऱ्या भांगाच्या कडेने एक काळी ओळ होती. कपाळापासून टाळूपर्यंत, एकेका केसाची, सरळ. बासष्ट गाठी. प्रत्येक काळ्या केसाच्या बुडाशी तो पांढरा ठिपका.

"अकरा." तिचा आवाज अगदी खाली होता. "ही चेष्टा आहे का?"

तो भिंग घेऊन वाकला. एकेक गाठ बघत कपाळापासून टाळूपर्यंत गेला.

"मी केलेलं नाही."

"मग ती आत आली कशी? कुलूप नवीन आहे."

"धाकटे, गाठ बघ."

"बघितली. सुरेख आहे."

"डावीकडे वळलीय."

जगात डावीकडे वळणारी गाठ मारणारी इतर माणसं असतील. त्या खोलीत एकच होती.

"काल सकाळी तू काय करत होतीस?" त्याने विचारलं.

"भांग घालत होते." ती आठवू लागली. खिडकीतलं ऊन. बधिर झालेली बोटं. आकडी आत, बाहेर, आत, बाहेर. डोक्यात एक पांढरी शांतता, उपासाच्या शेवटच्या दोन तासांत असते तशी, आणि तिला ती आवडायची. केस कुठून उचलत होती ते मात्र आठवेना. हात केसांच्या जुडीकडे जात नव्हता. तो खांद्याकडे जात होता. स्वतःच्या खांद्याकडे, रुमालाखालून सुटून शालीवर पडलेल्या केसांकडे.

"रुमाल काढ," भाऊ म्हणाला.

"खोलीत काढायचा नाही."

"काढ गं."

तिने गाठ सोडली. रुमाल हातात आला तो जड लागला. आतून काळ्या धुक्याचं अस्तर लावल्यासारखा. भिंतीवरच्या आरशात तिने पाहिलं, आणि क्षणभर तिला वाटलं की फळीवरचं एकोणतिसावं डोकं आपल्याकडे बघतंय, अर्धवट सोडलेलं काम. भांग बोटभर रुंद झाला होता. गालफडं बसलेली होती. रोज टकटक करून ती जिला सावध करत होती, ती बाई समोर उभी होती.

भावाने आपला डबा उघडला. पाव, लोणी, दोन उकडलेली अंडी. त्याचं बाराचं जेवण.

"खा."

"पावणेदहा वाजलेत."

"खा म्हटलं ना."

"खिडकी जाईल माझी."

"धाकटे..."

"तक्ता बघ ना. तुझे सहा, माझे पाच. तुला काही होत नाही, मग मलाच का? सारखं तर केलं. तुझ्याइतकंच केलं." ती थांबली. मग आरशाकडेच बघत म्हणाली, "मला तीन महिने पाळी आली नाही."

तो एरवी पट्ट्याच्या भोकावर पाऊण तास बोलणारा माणूस. त्याने नुसता डबा तिच्याकडे सरकवला.

"लिहिलं नाहीस," तो म्हणाला.

"कुठे लिहू? रकाना होता का तसा?"

मग ती स्टुलावर बसली आणि खाल्लं. पहिला घास बोटभर, दुसरा मोठा. तिसऱ्या घासाला ती रडत होती, पण चावणं थांबवलं नाही. भाऊ पाठ करून उभा राहिला, दारामागचा तक्ता वाचत, जणू त्यात काही नवीन लिहिलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला घेतलं आणि नाना प्रश्न विचारले. त्या आठ तासांत किती खाता? झोप किती? तिने सगळं सांगितलं, कटकट गेली असं वाटलं तेही. मग म्हणाल्या, "भावाला मानवलं ते तुम्हाला मानवलं नाही. सगळ्याच बायकांचं असं होतं असं नाही हं, काहींना काहीच होत नाही. पण पुरेसं मिळत नाही असं बाईच्या शरीराला वाटलं, तर ते पाळी थांबवू शकतं. केसही सोडून देतं, पण दोन-तीन महिन्यांनी, म्हणून माणसाला दोन्हींचा संबंध लागत नाही. पुरुषांनाही उपासमार बाधते, पण त्यांच्यात ही घंटा वाजत नाही. यात आम्हालाही अजून पुष्कळ कळायचंय. तुमची घंटा वाजली होती. तुम्ही तिला कटकट म्हणालात."

दुसऱ्या दिवशी तिने मेज आवरलं, आकड्या गुंडाळल्या. "खिडकी तुझी. बोली म्हणजे बोली."

तो तिथे बसला. अर्ध्या तासाने उठला, स्टूल उजवीकडे सरकवलं, पुन्हा बसला. "इकडे ये."

"कशाला?"

"ये तर. तुझं स्टूल तिकडे डावीकडे ठेव. आता काम कर."

तिने आकडी उचलली. खिडकी दोघांच्या मधोमध होती. तो उजवा, त्याला उजेड डावीकडून हवा. ती डावरी, तिला उजवीकडून. कुणाच्या हाताची सावली कुणाच्या कामावर पडत नव्हती, कोपर कोपराला लागत नव्हतं.

"बारा वर्षं भांडलो आपण," ती म्हणाली.

"तेरा. सरक जरा."

त्या काळ्या गाठी तिने एकेक करून उसवल्या. केसांना वेळ लागला, पाळीला त्याहून कमी. भाऊ अजून बारा ते आठच खातो आणि ठणठणीत आहे. ती सकाळी आठलाच डबा उघडते, आणि त्याच्यासमोर जरा मोठ्यानेच चावते.

नाटकाचे दहा प्रयोग झाल्यावर म्हातारी नटी तो पांढरा टोप धुवायला घेऊन आली. "एक काळा राहिलाय गं त्यात. कपाळाशी. दिव्याखाली उभी राहिले की तो हलतो."

"पंख्याने हलत असेल, मावशी."

"पंखा नसतो मंचावर."

ती गेल्यावर दोघं वाकली. एकच होता, बासष्टांतला एक. टोपाचे सगळे केस खांद्याशी कापलेले. हा त्यांच्याहून बोटभर लांब होता.

"कापायचा राहिला असेल," भाऊ म्हणाला.

"असेल."

तिने गाठ सोडवली आणि केस मेजावर ठेवला. घासला नाही. तो चालतो का, ते बघायचं नव्हतं तिला. साडेनऊ झाले होते. तिने डबा पुन्हा उघडला, आणि त्या केसाकडे पाठ करून खायला बसली.