केझायाकाकूचा राखाडी मोजा

आमच्या वेदरबी गावात केझायाकाकूच्या पिसांशिवाय नवऱ्यामुलीची गादी भरली जात नसे. काकूचे हंस म्हणजे एकजात भांडकुदळ. उन्हाळ्यात काकू एकेकाला मांडीत दाबून धरायची, त्याच्या डोक्यावर नवऱ्याचा, म्हणजे झॅडककाकांचा, जुना राखाडी मोजा चढवायची आणि छातीवरची पिसं उपटायची. मोजा चढला की हंस गप्प. "दिसेनासं झालं की चावायचं विसरतात मेले," काकू म्हणायची.

काकू तशी संतापीच. इंग्लंडच्या राजानं आम्हा अमेरिकेतल्या वसाहतवाल्यांवर आधी कागदाचा कर बसवला, मग काचेचा, मग चहाचा. आणि आम्हाला कुणी विचारलंसुद्धा नाही! काकूनं चहाची किटली माळ्यावर टाकली आणि रासबेरीचा पाला उकळून प्यायला लागली. चव? कडू जहर. पण कुणी तोंड वाकडं केलं तर त्याची खैर नव्हती.

आणि नेमका तिचा धाकटा भाऊ एनॉक बंदरावर राजाच्या जकातीत कामाला. आई लहानपणीच गेली, एनॉकला काकूनंच वाढवलं. रांगत असताना त्याचा डावा पाय चुलीत भाजला होता. तेव्हापासून तो पाय आत टाकून चालायचा. दर गुरुवारी तो ताईकडे जेवायला यायचा आणि ताई वाढता वाढता त्याला सोलून काढायची.

"लाज नाही वाटत? राजाचं खातोस आणि माझ्या ताटात जेवतोस!"

"तुझ्या हातचं सूप राजाकडे मिळत नाही ना, ताई," तो म्हणायचा. मग काकू पुटपुटत आणखी एक पळी वाढायची.

बॉस्टनच्या बंदरात आमच्या लोकांनी कराच्या रागानं चहाच्या पेट्या बुडवल्या, त्याच हिवाळ्यातली गोष्ट. गावातला लोहार ओबेड दुपारी काकूच्या दारात आला.

"काकू, एक पोतं पिसं द्या. एका जकातवाल्याला फार थंडी वाजतेय, त्याला रजई पांघरायचीय."

काकूला काय ते कळलं. उघड्या अंगाला गरम डांबर फासून वर पिसं चिकटवायची, हा खेळ तेव्हा गावोगाव चालला होता. "कोण, तो लाल नाकाचा मोठा साहेब?" तिनं विचारलं. ओबेड नुसता हसला. काकूनं पोतं दिलं आणि वर राखाडी मोजाही त्याच्या खांद्यावर टाकला. "ओरडायला लागला तर हा घाला डोक्यावर. माझे हंस लगेच गप्प बसतात."

झॅडककाका त्या दिवशी पीठगिरणीवर गेले होते. काकू एकटीच मैदानात गेली. सगळं गाव लोटलं होतं. हातगाडीवर एक माणूस उकिडवा बसवलेला. अंगभर डांबर, त्यावर पांढरी पिसं, डोक्यावर मोजा. पोरं शिट्ट्या मारत होती, बायका पोट धरून हसत होत्या. काकूही खदखदून हसली. खाली पडलेली मूठभर पिसं उचलून तिनं त्याच्यावर फेकली. "घ्या साहेब, चहाबरोबर!"

मोज्याच्या आतून आवाज आला, "ताई? तू आहेस?"

काकूचं हसू तिथंच थिजलं. तिनं पाहिलं, गाडीच्या फळीवर एक डावा पाय होता, आत वळलेला. अरे देवा! त्या दिवशी गुरुवार होता, एनॉकचा जेवायला यायचा दिवस, आणि ते तिच्याच ध्यानात आलं नव्हतं.

त्याला घरी आणून डुकराची चरबी चोळून चोळून तिनं डांबर काढलं. डांबराबरोबर कातडी निघत होती. दोन्ही कानांची तर गेलीच. पिसं माझी होती, मोजाही मीच दिला, हे तिला सांगायचं होतं, जीभ उचलेना. थोडा बरा झाल्यावर एनॉक एवढंच म्हणाला, "ताई, तुमच्यात आता मला भीती वाटते." आणि बॉस्टनला राजाच्या सैन्याच्या आसऱ्याला निघून गेला.

काकूनं हंस विकून टाकले. गुरुवारी मात्र तिसरं ताट मांडायची. तो एकदा आला पाहिजे, एकदाच, म्हणजे सगळं सांगून टाकीन, एवढाच ध्यास. ओबेडशी ती पुन्हा बोलली नाही.

गावाचं म्हणाल तर त्याचं आता नुसत्या पिसांवर भागेना. राजानं बॉस्टनचं बंदर बंद केलं, सैन्य वाढवलं. हसणारी तीच माणसं मैदानात बंदुका घेऊन कवायत करायला लागली. झॅडककाकांसारखा मुंगी न मारणारा माणूस चुलीपाशी शिशाच्या गोळ्या ओतत बसायचा. काकू बघतच राहायची. एका चहाच्या पानावरून हे कुठवर येऊन ठेपलं!

मग वसंतातल्या एका सकाळी घंटा घणघणली. राजाचे लाल डगलेवाले शिपाई आमच्या रस्त्यानं गेले आणि दुपारी मार खात परतले. प्रत्येक दगडी बांधाआडून गोळ्या सुटत होत्या. काकू दार लावून कानांवर हात दाबून बसली होती.

उन्हं उतरली तेव्हा झॅडककाका घरी आले. चेहरा काळवंडलेला, पण डोळे चमकत होते. बुटाची नाडी सोडत म्हणाले, "केझाया, माझ्या हातून एक पडला गं! शिपाई नव्हता, साध्या कपड्यातला वाटाड्या. आपल्यातलाच कुणी फितूर असणार. कानांवरून गळ्यापर्यंत फडकं गुंडाळलं होतं, तोंड काही दिसलं नाही."

काकूनं विचारलं, "अहो, चालत कसा होता?"

"कसा म्हणजे? डावा पाय जरा आत..."

काकांचा हात नाडीवरच थांबला. मग ते लहान मुलासारखे हमसून रडायला लागले. "तोंड दिसलं असतं गं, तर मी..."

"त्या मोज्याआड मलासुद्धा दिसलं नव्हतं," काकू म्हणाली. तिनं एनॉकच्या डोक्याखाली ठेवायला पलंगावरची पिसांची उशी उचलली आणि त्याला आणायला ती रस्त्याकडे निघाली.