दातांनी काढलेली नखं

नातू सात महिन्यांचा होता, म्हणजे मी आजी होऊन सातच महिने झाले होते. पण तोरा असा, जणू यवतची सगळी पोरं मीच वाढवलीत. बाळाला इसब होतं. गाल नि कोपर लालभडक, खाजवून रक्त काढायचा. म्हणून मी त्याची नखं दातांनी कुरतडायची. तान्ह्याच्या नखाला लोखंड लावायचं नाही, अशी आमची रीत. त्या आठवड्यात तापानं माझ्या ओठावर बारीक फोड उठले होते. पण तिकडं बघायला या आजीबाईंना सवड कुठं होती?

पाच-सहा दिवसांत बाळाच्या गालांवर पाणीदार फोड आले, अंग तापलं, दूध सुटलं. मी निदान करून मोकळी. "माता आलीय. कडुलिंबाचा पाला आणा, दवाखाना न्हाई."

सून पाला आणायला गेली.

दुसऱ्या सकाळी फोड पापणीवर आला आणि डावा डोळा उघडेना. तवा माझं शहाणपण गळालं. मुलगा कुरकुंभला कारखान्यात पहिल्या पाळीवर. त्याची वाट न बघता आम्ही दोघी जीपनं दौंडला पोचलो.

डॉक्टरीणबाईंनी आधी बाळ बघितलं, मग मला. मी पदर ओठावर ओढला.

"आजी, पदर काढा. बाळाच्या अंगाला तोंड कोण लावतं?"

"नखं मी दातांनी काढते," मी पुटपुटले.

"तुमच्या ओठावरचाच विषाणू हा. कातडी स्वतः बारीक प्रथिनं बनवते, ती विषाणूला फोडतात. त्यांच्यामुळंही तुमचे फोड ओठावरच थांबले. इसबाच्या कातडीत ती कमी पडतात, म्हणून याच्या अंगावर पसरले."

"मग माझ्यातली थोडी याला देता येतील?"

त्या हसल्या नाहीत. "औषध देते. डोळ्याचं आत्ताच सांगता येत नाही."

तीन दिवस सलाईन चाललं. मी खाटेपासून हातभर लांब, हात काखेत दाबून बसलेली. तो कण्हला की पापणीकडं बघायचे आणि लगेच नजर काढायचे.

"माझ्यामुळं झालं गं," मी सुनेला म्हटलं.

"आत्या, तुमचा ओठ मला पहिल्याच दिवशी खुपला होता. पण तुम्हाला कसं म्हणायचं? गप बसले."

चौथ्या दिवशी पापणी किलकिली झाली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून बघितलं, बुबुळ शाबूत होतं. बाळानं माझ्याकडं हात पसरले.

मी सुनेला विचारलं, "घेऊ का?"

"थांबा," ती म्हणाली. "तुमची खपली पडू द्या."

थांबले.