दुखत नाही, म्हणजे पास

आजारी माणसाकडे गोळ्यांपेक्षा किस्से जास्त साठतात. मी रोज वही लिहितो, त्यामुळे माझ्याकडचे तारखेवार आहेत. लोक ऐकून हसतात. हसा. मला मात्र अजून राग येतो, आणि पहिला राग स्वतःचाच.

जासईजवळच्या यार्डात मी कंटेनर तपासतो. आम्ही त्याला डबा म्हणतो. नियम सोपा: पोचा पडलाय, पण दार लागतंय आणि आत पाणी जात नाही, तर डबा पास. एका रविवारी आंघोळ करताना डाव्या अंडावर वाटाण्याएवढी कडक गाठ हाताला लागली. वहीत लिहिलं, ‘डावीकडे गाठ. दुखत नाही. पास.’ पुढच्या चार महिन्यांत ही नोंद सहा वेळा आहे. वाटाण्याची सुपारी झाली, शेरा तोच.

*

जडपणा वाटायला लागला तेव्हा क्रेनवरच्या म्हात्रेला विचारलं.

“दुखतंय काय?”

“नाही.”

“मंग कशाला डोक्याला ताप? दोन पोरा झाली ना तुला? आता त्याचा काय काम हाय?”

मी हसलो. त्या हसण्यात आणखी तीन आठवडे गेले.

*

पनवेलच्या आमच्या डॉक्टरांनी सगळं टेबलापलीकडूनच ऐकलं. “इन्फेक्शन असेल.” दहा दिवस अँटिबायोटिक. मग दुसरं, आणखी दहा दिवस. दोन्ही वेळा त्यांनी माझा घसा तपासला! तिसऱ्यांदा मी म्हणालो, “डॉक्टर, घशाच्या खाली कधी बघणार?”

“अहो, बाहेर लेडीज पेशंट बसल्यात.”

दार बंद होतं. पडदाही ओढलेला होता.

*

दुसऱ्या डॉक्टरांनी सोनोग्राफी लिहून दिली. सेंटरवर काउंटरच्या बाईंनी भरलेल्या हॉलमध्ये खणखणीत आवाजात विचारलं, “अंडकोशाची सोनोग्राफी कोणाची?”

कोणी हललं नाही. बाईंनी परत विचारलं. शरमेपेक्षा संताप जास्त झाला म्हणून मी उठलो.

मागून आणखी दोघं उठले.

*

सर्जनने रक्त तपासलं, रिपोर्ट बघितला आणि म्हणाला, “काढायला लागेल.” माझा मेव्हणा सोबत होता. तो म्हणाला, “आधी सुई घालून तुकडा तपासा की. थेट काढायचं काय?”

“तिथे सुई घातली तर रोगाला नवी वाट मिळू शकते. जांघेतून छेद देऊन अख्खं अंड काढायचं, मग तपासायचं. एकावर माणसाचं सगळं व्यवस्थित चालतं.” मग माझ्याकडे वळून, “किती दिवस झाले?”

मी वही पुढे केली. त्याने सहाच्या सहा नोंदी वाचल्या.

“अक्षर सुंदर आहे,” तो म्हणाला. “पहिल्या नोंदीला आला असतात तर बहुतेक ऑपरेशनवर भागलं असतं.”

कॅन्सर पोटातल्या गाठींपर्यंत गेला होता. केमोच्या तीन फेऱ्या झाल्या. पसरला तरी हा कॅन्सर बहुतेकदा बरा होतो, असं त्याने सांगितलं होतं. माझा झाला.

*

ऑपरेशनआधी बायकोने विचारलं, “लोकांना काय सांगायचं?” दोघांनी मिळून ठरवलं, हर्निया.

म्हात्रे भेटायला आला. केमोने झालेलं माझं टक्कल बघितलं, मग चेहरा जवळून निरखला. “हर्नियात भुवया पन जातात? मला म्हाईत नव्हता.”

*

कामावर परतल्यावर आठवड्याभरात इरफान माझ्या टेबलाशी आला. फोर्कलिफ्ट चालवतो, वय बत्तीस. दोन वर्षांच्या करारावर सौदीला निघाला होता.

“दादा, मलापण तुमच्यासारखाच हर्निया आहे. खाली गोटी लागते नुसती, दुखत नाही. तुम्ही ठणठणीत झालात ना? मग मीपण परत आल्यावरच बघतो.”

दोन वर्षं थांबायला याला मीच शिकवलं होतं. शिफ्ट अर्धवट टाकायला लावून त्याला स्कूटरवर बसवलं आणि रस्त्यात सगळं खरं सांगितलं. सर्जनच्या दारात उतरल्यावर तो म्हणाला, “अम्मीला काय सांगू?”

“खरं सांग. खोटं बोलून मी काय केलं ते बघतोयस ना?”

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण रोग अंडाबाहेर गेलेला नव्हता. ऑपरेशनवर भागलं. आता ठरल्या तारखांना तपासणी, एवढंच.

*

आमच्याकडे रोज सकाळी काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना उभं करून सेफ्टीच्या सूचना देतात. हेल्मेट, जॅकेट, बूट. इरफानच्या ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी सुपरवायझर शेवटी म्हणाला, “इरफान रजेवर आहे. हर्निया.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पुढे झालो. “इरफानचं इरफान सांगेल. माझं मी सांगतो. मला हर्निया नव्हता. अंडाचा कॅन्सर होता. डावं काढलंय.”

चाळीस माणसं बुटांकडे बघायला लागली.

“खाली नका बघू. म्हणजे बघा, पण नीट बघा. महिन्यातून एकदा, गरम पाण्याने आंघोळ झाल्यावर. अंगठा आणि बोटांमध्ये एकेक हलकेच फिरवून. मागच्या बाजूला मऊ दोरीसारखं लागतं, ते असतंच. कडक गाठ लागली, आकार वाढला, जड वाटलं तर डॉक्टर. त्याने पँट काढायला न लावता गोळ्या दिल्या तर दुसरा डॉक्टर. दुखायची वाट बघू नका. मी बघितली.”

सुपरवायझरने शिट्टी वाजवली. मी गेटवर जाऊन पहिल्या ट्रेलरचे कागद घेतले. क्रेन हलेना. फोर्कलिफ्ट हलेना. बाहेर ट्रेलरची रांग लागली, हॉर्न सुरू झाले.

यार्डात बाथरूम एकच आहे. जाऊन बघतो तर बाहेर सगळं यार्ड हेल्मेट घालून रांगेत उभं. सुपरवायझर तिसरा. तो दार ठोकत होता. “म्हात्रे, आटप लवकर. अर्धा तास झाला.”

आतून आवाज आला, “थांबा, दोनी बगतोय.”