रविवारची शून्यं

अमरावतीच्या कॉलेजात मी भूगोल शिकवायचे आणि पाऊस मोजायचे. शिकवण्याचा मला फारसा गर्व नव्हता, पाऊस मोजण्याचा मात्र भारी होता. मागच्या आवारात तारेच्या कुंपणात पर्जन्यमापक होता. सकाळी साडेआठला त्यात साठलेलं पाणी मोजपात्रात ओतायचं, आकडा वाचायचा, नोंदवहीत लिहायचा. वीस वर्षांची ती वही माझ्या कपाटात कुलूपबंद असे. कुठे खाडाखोड नाही, एक चौकोन रिकामा नाही. तपासणीला कोणी आलं की मी आधी ती वही पुढे करायचे.

वऱ्हाडात ती वर्षं वाईट होती. सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. वर्गातली अर्धी मुलं शेतकऱ्यांच्या घरची. कुणी चार दिवस आलं नाही तर कारण विचारायला जीभ उचलत नसे. या पोरांना नुसते नकाशे भरायला शिकवून काय होणार, असं वाटून मी हवामानाचा एक जादा वर्ग सुरू केला. पाऊस कसा मोजायचा, दोन पावसांतला खंड कसा काढायचा, पेरणीचा सल्ला कशावरून देतात, एवढंच. यातून कुणाला नोकरी लागेल हे माझ्या डोक्यातही नव्हतं.

त्या वर्गात बडनेऱ्याची एक मुलगी होती. स्टेशनजवळ तिच्या वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान होतं. मुलगी कमी बोलायची आणि आकड्यांत रमायची. अकोल्याच्या एका संशोधन केंद्रात हवामान निरीक्षकाची एकच जागा निघाली, तेव्हा मीच तिला अर्ज भरायला लावला. मुलाखतीला स्वतः केलेलं काही काम न्यायचं होतं. यातल्या आकड्यांवरून काहीतरी काढ, म्हणून मी कपाट उघडून माझी वही तिच्या हातात दिली. माझ्या लेखी ही केवढी गोष्ट होती, ते तिला ठाऊक होतं.

आठवड्यानं ती आलेख घेऊन वर्गात आली. कोणत्या वारी किती पाऊस पडला, त्याचे उभे खांब काढले होते. सोमवारचा खांब सगळ्यांत उंच होता आणि रविवारचा खांबच नव्हता.

मागून कोणीतरी ओरडलं, "पावसालेबी रविवारची सुट्टी हाये!"

सगळा वर्ग हसला. मीही हसले, आणि मग माझं हसू जिरलं.

रविवारी कॉलेजचं फाटक बंद असे. शिपाई सुट्टीवर, मी घरी. दोन दिवसांचं पाणी सोमवारी मोजलं जाई आणि सोमवारच्याच नावावर लागे. रविवारचा चौकोन रिकामा दिसू नये म्हणून मी तिथे छान गोल शून्य काढायचे. इतकी वर्षं काढत आले होते, आणि त्यात काही चुकतंय असं मला एकदाही वाटलं नव्हतं.

"एकूण पाऊस तर तेवढाच राहतो ना?" मी चिडून म्हटलं.

"बियाण्याले वर्षाची बेरीज काय करायची, मॅडम?" ती हळूच म्हणाली. "त्याले त्या दिवशी पाणी पाह्यजे. शनिवारी पाऊस नाई, रविवारी तुमचं शून्य, म्हंजे खंड लांबला. अन् पाऊस तर पडला होता."

आमचे आकडे तालुक्याच्या कृषी कार्यालयाचे लोक पेरणीच्या सल्ल्यासाठी उतरवून न्यायचे. ते आठवलं आणि मी आणखीच चिडले. आठवडाभर तिच्याशी तुटक वागले. सोमवारचा पाऊस दोन दिवसांत निम्मा-निम्मा वाटून टाक, कुणाला कळणार नाही, असंही सुचवलं.

"मंग ते माझं खोटं होईन," एवढंच ती म्हणाली. त्या सुचवण्याची मला आजही लाज वाटते.

अकोल्याला मला तिच्यासोबत जायचं नव्हतं. पण आदल्या दिवशी तिचे अब्बा कॉलेजात आले. "दुकान बंद करून मले जाता येत नाई, मॅडम. पोरगी तुमच्या भरोशावर हाये," म्हणाले. मग काय, गेले.

उकाड्यामुळे मुलाखतीच्या खोलीचं दार उघडंच होतं आणि मी बाहेरच्या बाकावर बसले होते. आत तिघे साहेब होते. तिनं वही उघडली आणि रविवारच्या नोंदी खऱ्या नाहीत, असं सरळ सांगितलं.

"कशावरून?" एकाचा आवाज चढला. "ही शून्यं कोणी लिहिली?"

ती गप्प राहिली.

"लिहिणाऱ्याला विचारलं का तुम्ही?"

तिनं फक्त आलेख पुढे सरकवला.

"म्हणजे हा नुसता अंदाज झाला. आणि त्यावर दुसऱ्याचं वीस वर्षांचं काम खोटं ठरवता?"

कागद बाजूला सारल्याचा आवाज आला. तिच्या हातातली जागा माझ्या डोळ्यांदेखत चालली होती, आणि तिला वाचवायला एक शब्द पुरेसा होता. तो ती उच्चारत नव्हती. मी उठले.

"ती शून्यं माझी आहेत," आत जाऊन मी म्हणाले. "रविवारी मी मोजतच नव्हते. तिनं मला विचारलं होतं. मी तिच्यावरच रागावले."

साहेबांनी मला बाहेर बसायला सांगितलं आणि तिला पुन्हा प्रश्न विचारायला सुरुवात केली. जागा तिला मिळाली, पण ते कळायला महिना गेला. त्या संध्याकाळी परतीच्या पॅसेंजरमध्ये आम्हा दोघींना काहीच माहीत नव्हतं.

"माझं नाव का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"आकडा चुकला हे सांगायले गेली होती मी. तुमचं नाव सांगायले नाई."

"आणि मी आत आले नसते तर?"

"तर जागा गेली असती," ती म्हणाली, आणि पिशवीतून डबा काढून माझ्यापुढे केला.

मूर्तिजापूर येईपर्यंत मला तिच्याकडे बघवलं नाही. मग मी तिचा हात धरला आणि गाडीतल्या लोकांदेखत रडले.